शब्दांचा डबा: ‘सेव्हरली’ म्हणजे पुष्कळ नव्हे

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी शब्द पाहिले होते. या वेळी शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शब्द घ्यायचे ठरवले होते आणि निम्मा मजकूर लिहूनही झाला होता. पण भोसरीहून एका भगिनीचे पत्र आले आणि तो मजकूर मी बाजूला ठेवला. प्रगतिपुस्तक काय, पुढच्या आठवड्यातही तेच असणार. हे पत्र थांबण्यासारखे नव्हते.

पत्र असे आहे (नाव-गाव काढून आणि थोडे आटोपते करून देते):

“ताई, माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही मराठी माध्यमातून. यजमान पिंपरीला कंपनीत पर्मनंट आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. धाकट्या दिरांनी नोकरी सोडून जॉबवर्कचे वर्कशॉप टाकायचे ठरवले आहे. त्यासाठी सोळा लाखांचे कर्ज काढत आहेत. जामीनदार चार : यजमान, मोठे दीर, दिरांचे एक मित्र आणि मी. मी कशाला, तर आमचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. माहेरून आलेले सोने मोडून आणि शिलाईचे पैसे साठवून त्याचे पहिले हप्ते मीच भरले, म्हणून. कागद घरी आले आहेत, सगळे इंग्रजीत. दीर म्हणतात, वहिनी, नुसती सही करायची आहे, वाचत काय बसता? तरी मी वाचायचा प्रयत्न केला. एके ठिकाणी ‘जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल’ असे आहे. जॉइंट समजले, जॉइंट खाते असते तसे. लायेबल म्हणजे जबाबदार. सेव्हरली डिक्शनरीत मिळाले नाही, सेव्हरल मिळाले. अर्थ दिलाय ‘बरेच, पुष्कळ’. म्हणजे आम्ही पुष्कळ जण मिळून जबाबदार, चौघांत चार-चार लाख, असेच ना? तेवढे बरोबर आहे का कळवा. सोमवारी सह्या आहेत.”

पत्र माझ्या हातात पडले गुरुवारी. सदर छापून तुमच्या हाती पडायला किती दिवस जातात हे तुम्हाला माहीत आहे. पत्राखाली फोन नंबर होता म्हणून बरे. संध्याकाळी दिवेलागणीला फोन लावला. पहिले वाक्य मी बोलले ते एवढेच, “नाही हो, तसे नाही. सोमवारी सही करू नका, आधी नीट समजून घ्या.”

आता तिला जे फोनवर सांगितले ते तुम्हालाही सांगते. हा शब्द आज तिच्या घरी आला, उद्या तुमच्या घरी येईल. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण इकडे दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी वर्कशॉप टाकतेच आहे, आणि जामीनदार काही बाहेरून आणत नाहीत.

‘सेव्हरल’ या शब्दाचा आज रोजचा अर्थ ‘बरेच’ हाच. डिक्शनरीने तिला फसवले नाही. पण हा शब्द मुळात आला ‘वेगळे करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. ‘सेपरेट’ हा त्याचाच भाऊ. ‘सेव्हर’ म्हणजे तोडणे, तोही त्याच घरातला. जुन्या इंग्रजीत सेव्हरल म्हणजे ‘वेगवेगळे, एकेकटे’. बोलीभाषेत तो अर्थ मागे पडला, पण कायद्याच्या भाषेने मात्र जुना अर्थ जपून ठेवला. आजीने जुनी पैठणी ट्रंकेत ठेवावी तसा. तेव्हा ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ म्हणजे ‘एकत्रितपणे आणि एकेकटेसुद्धा’. मराठी करारनाम्यात ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असे लिहिलेले असते. ते तरी कोणाला समजते म्हणा!

साध्या भाषेत अर्थ असा : बँक चौघांकडून मिळून पैसे मागू शकते, किंवा चौघांपैकी ज्या एकाकडे आहेत त्या एकाकडूनच सगळे मागू शकते. चार लाख नव्हे, सोळाच्या सोळा. वर व्याज आणि वसुलीचा खर्च. यजमानांकडे पगार, मोठ्या दिरांकडे गावची जमीन, मित्राकडे काय ते देव जाणे, आणि पत्र लिहिणारीकडे तिच्या नावावरचा फ्लॅट. कोणाच्या दाराशी पहिल्यांदा येतील, तुम्हीच सांगा.

आणखी एक समजूत पुष्कळ घरांत असते, आमच्याही होती. आधी बँक कर्जदाराच्या मागे लागेल, त्याचे सगळे विकेल, त्यातून नाहीच भागले तर जामीनदाराकडे येईल. तसे बंधन बँकेवर नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १२८ व्या कलमात लिहिले आहे, की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कमी नाही, मागाहूनही नाही. त्याच कायद्याचे १४६ वे कलम जामीनदारांच्या आपापसांतल्या हिशेबाचे आहे. जामीनदारांनी वेगळे काही ठरवले नसेल तर आपसात वाटा सारखा. म्हणजे तिचा ‘चार-चार लाख’ हा हिशेब अगदीच खोटा नव्हता. फक्त तो बँकेशी नाही, बाकीच्या तिघांशी आहे. बँकेने तिच्याकडून सोळा वसूल केले तर बाकीच्या तिघांकडून चार-चार मागायचा हक्क तिला आहे. मोठ्या दिरांकडून, त्या मित्राकडून, आणि स्वतःच्या नवऱ्याकडून! ते कसे मागायचे आणि किती वर्षे मागत राहायचे, ते तिचे तिने बघायचे.

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, “ताई, एका शब्दात एवढे असते?”

असते. आणि मला अशा शब्दांचाच राग येतो. अवघड शब्द म्हटला की आपण सावध होतो, डिक्शनरी उघडतो. ओळखीचा चेहरा घेऊन येणारा शब्द मात्र सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो.

ओळखीच्या शब्दाने मीही एकदा फजिती करून घेतली आहे. धाकट्याला ताप आला होता. शाळेला रजेची चिठ्ठी इंग्रजीतच लिहायची, असा तेव्हा माझा हट्ट. मी लिहिले, “माय सन इज सिरियस.” आपण मराठीत म्हणतो ना, पेशंट सिरियस आहे, त्या चालीवर. बाई नव्या होत्या, बाहेरगावच्या. त्यांनी ते वाचून विचारले म्हणे, “मग हसत नाही का तो?” इंग्रजीत माणूस सिरियस म्हणजे गंभीर वृत्तीचा. आजारी माणसाला म्हणायचे तर ‘सिरियसली इल’ म्हणावे लागते. आणि खरे म्हणजे त्याला साधा ताप होता, इलही नव्हता नि सिरियसही नव्हता. घरात ही गोष्ट अजून सांगतात, सणावाराला पाहुणे जमले की हटकून.

आपल्या या भागात तर इंग्रजी शब्दांचे वेगळेच गोत्र तयार झाले आहे. “मुलगा पर्मनंट आहे का?” हा प्रश्न मुलीच्या आईने विचारला की मुलाच्या आईला बरोबर समजतो. इंग्रज माणसाला विचाराल तर तो म्हणेल, या जगात पर्मनंट कोण आहे! ‘ब्रेक’ म्हणजे गाडीचा ब्रेक नव्हे, ठेकेदाराने कामगाराचे सलग दिवस मोजले जाऊ नयेत म्हणून मध्येच दिलेली सक्तीची सुटी. ‘कंडेम’ म्हणजे भंगारात काढलेले मशीन. आमच्या शेजारचे काका रिटायर झाल्यावर स्वतःलाच कंडेम म्हणवून घेत. हे सगळे शब्द बायकांना पाठ असतात. नवऱ्याच्या डब्याबरोबर गेले आणि डब्याबरोबर परत आले, असे शिकलेले. तेव्हा “मला इंग्रजी येत नाही” असे म्हणणाऱ्या भगिनींना मी नेहमी सांगते, येते हो, फक्त त्या शब्दांची माहेरची ओळख नाही.

ती ओळख करून घ्यायची एक युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. शब्द पाठ करण्याआधी त्याचे सांधे उसवून पाहायचे. शिवणकाम येणारीला हे सांगायला नकोच. ब्लाउज कसा बेतला आहे ते उसवल्यावर कळते.

हे ‘कंडेम’च घ्या. लॅटिनमध्ये ‘डॅम्नम’ म्हणजे नुकसान. ‘डॅमेज’ त्यातलाच. ‘कंडेम’ही त्यातलाच. आणि कर्जाच्या कागदावर हमखास असणारा ‘इन्डेम्निटी’ हा जडजंबाल शब्दसुद्धा त्यातलाच : ‘इन’ म्हणजे ‘नाही’, आणि ‘डॅम्नम’ म्हणजे नुकसान. निर्-हानी. समोरच्याचे नुकसान होऊ देणार नाही, झाले तर मी भरून देईन, असे वचन म्हणजे इन्डेम्निटी. हरवलेल्या एफडीच्या पावतीसाठी बँक जो ‘इन्डेम्निटी बाँड’ लिहून घेते तो हाच. शॉपफ्लोअरवरचे कंडेम आणि बँकेतले इन्डेम्निटी अशी दोन भावंडे निघाली की दोन्ही लक्षात राहतात.

गाडीच्या आरसी बुकावर ‘हायपोथिकेशन’ असते. कर्जावर घेतलेल्या प्रत्येक स्कूटरच्या कागदावर असते, पण मी विचारलेल्या दहा जणींपैकी एकीलाच सांगता आले. ‘हायपो’ हा ग्रीक शब्द, अर्थ ‘खाली’. कातडीखाली देण्याच्या सुईला हायपोडर्मिक म्हणतात तो हाच. आणि ‘थिक’च्या मुळाशी ‘ठेवणे’ आहे. म्हणजे ‘खाली ठेवलेले’. भाषातज्ज्ञ सांगतात की हा ‘हायपो’ आणि आपल्या संस्कृतातला ‘उप’ एकाच मुळाचे. मराठी बँकांचा यासाठीचा शब्द मला इंग्रजीपेक्षा सुरेख वाटतो : नजरगहाण. वस्तू तुमच्याच दारात उभी, तुम्हीच चालवायची, पण बँकेची नजर तिच्यावर. सोने तारण ठेवतो तेव्हा ते त्यांच्या तिजोरीत जाते. स्कूटर जात नाही, इतकाच फरक. घर गहाण पडते त्याला ‘मॉर्टगेज’, उच्चार मॉर्गेज. त्यातला ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेला, आपल्या ‘मृत’चा दूरचा चुलतभाऊ. ‘मेलेले वचन’ असे नाव का पडले याच्या कथा वकील मंडळी रंगवून सांगतात. आपल्याला अर्थ लक्षात राहिला की पुरे.

आणि पिंपरीच्या बायकांना ‘अँटिबायोटिक’ हा शब्द मी शिकवणे म्हणजे चिंचवडकरांना मोरया सांगण्यासारखे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली, पिंपरीत पेनिसिलिन होऊ लागले, आणि तो स्टॉप आजही ‘एचए’ म्हणूनच ओळखला जातो. पण शब्द उसवून पाहिलात का? ‘अँटि’ म्हणजे विरुद्ध, प्रति. ‘बायो’ म्हणजे जीव, आणि ‘बायोस’ व ‘जीव’ हे मुळात एकच. मराठीत आपण म्हणतो प्रतिजैविक. सांध्याला सांधा जुळवून केलेला शब्द आहे.

मात्र उसवण्यातही एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘इन’ म्हणजे ‘नाही’ असे आत्ताच सांगितले. चाकण-तळेगाव रस्त्यावर टँकर जातात, त्यांच्या पाठीवर लिहिलेले असते ‘हायली इनफ्लेमेबल’. ‘फ्लेम’ म्हणजे ज्योत, ‘इन’ म्हणजे नाही, तर अर्थ ‘न पेटणारे’, असा हिशेब कोणी केला तर? अर्थ नेमका उलटा आहे : भडकन पेटणारे. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारे. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. नेलपॉलिश काढायच्या बाटलीवर, सेंटच्या आणि झुरळे मारायच्या फवाऱ्याच्या डब्यावर हा शब्द बघा, आणि ती वस्तू गॅसच्या ओट्यावरून आजच उचला. बाकीचे सदर मग वाचा.

मराठीतही असे होतेच की. ‘अमूल्य’ म्हणजे मूल्य नसलेले असे आपण समजत नाही. योगायोग असा, की इंग्रजीतला ‘इनव्हॅल्युएबल’ अगदी तसाच : व्हॅल्यू नसलेला नव्हे, किंमत करता येणार नाही असा.

शब्दाचा अर्थ घरागणिक बदलतो, त्याचे एक उदाहरण परवाच समोर आले. प्राधिकरणात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. सासरे कारखान्यात फिटर होते, सून हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत. सून संध्याकाळी येऊन म्हणाली, “आमच्याकडे ले-ऑफ सुरू झालाय.” सासरे शांतपणे म्हणाले, “मग काय झाले, महिना-दोन महिन्यांत परत बोलावतील.” सून रडायलाच लागली. तिला वाटले मामंजी थट्टा करतात. ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या काळातल्या कारखान्याच्या कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून तात्पुरते काम नसणे. नाव मस्टरवर राहते. कायमचे काढण्याला शब्द वेगळा, ‘रिट्रेंचमेंट’. अमेरिकेकडून आलेल्या बोलण्यात मात्र ले-ऑफ म्हणजे सरळ नारळ. एकाच घरात, एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोघेही बरोबर. सासूबाईंनी मध्ये पडून चहा केला तेव्हा उलगडा झाला.

‘ग्रॅच्युइटी’चेही असेच. मूळ अर्थ कृतज्ञतेपोटी दिलेली भेट, बक्षिशी. ‘ग्रेटफुल’ त्याच घरातला. मालकाने खुश होऊन दिली तर घ्यायची. १९७२ च्या कायद्याने तिचा हक्क केला, पण नाव राहिले बक्षिशीचेच. कोणी “मेहेरबानी म्हणून देतो आहोत” असा सूर लावला तर शब्दाचा अर्थ त्याच्या बाजूला आहे, कायदा तुमच्या बाजूला.

‘नॉमिनी’विषयी मागे लिहिले होते, तरी पत्रे थांबत नाहीत, म्हणून पुन्हा दोन ओळी. ‘नॉमिनी’त ‘नाम’ आहे. नाव लावलेला, एवढाच त्याचा अर्थ, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की नॉमिनी झाल्याने वारसांचा हक्क जात नाही. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर जवळच्या नात्यातल्या नॉमिनीला वेगळे स्थान आहे. तेव्हा सरसकट एक नियम लावू नका.

आता शिकायचे कसे? माझ्याकडे नेहमी विचारणा होते, कुठला क्लास लावू, अमुक हजार शब्द तमुक दिवसांत येतील का. स्पष्ट सांगते, हजार शब्दांच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी त्या पाठ कराव्यात, त्यांना गरज असेल. घर चालवणाऱ्या बाईने यादी पाठ केली तर चार दिवसांनी राहते काय? मी स्वतः लग्नाआधी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला संपवली होती, शब्दांच्या रकान्यांसकट. त्यातले आज आठवतात ते फक्त वाक्यात वापरलेले. रकाने कुठे गेले कुणास ठाऊक.

म्हणून वही करा, पण शब्दांची नव्हे, वाक्यांची. शाळेचे सर्क्युलर, सोसायटीची नोटीस, बँकेचा कागद, वॉशिंग मशीनचे वॉरंटी कार्ड, यातले जे वाक्य अडले ते जसेच्या तसे उतरवायचे. खाली अडलेला शब्द, अर्थ, आणि त्याचे सांधे सुटत असतील तर ते. आठवड्याला पाच पुरे. मोबाईलला विचारा, जरूर विचारा, तो झटकन सांगतो. पण एकटा शब्द विचारला की तो सर्वांत वापरातला अर्थ पुढे करतो, आणि आपली गाडी तिथेच ‘पुष्कळ’वर अडते. पूर्ण वाक्य विचारावे, आणि कागद पैशाचा असेल तर मोबाईलवर थांबू नये, जाणत्या माणसाकडे जावे.

उच्चार मोठ्याने करा. यातले दोन शब्द तर ऐकायला जुळे आहेत. हात हलवून निरोप देणे तो एक ‘वेव्ह’, आणि आपला हक्क सोडून देणे तो दुसरा ‘वेव्ह’, स्पेलिंग वेगळे. जामिनाच्या कागदात दुसरा असतो. जामीनदाराला कायद्याने जे थोडेफार संरक्षण आहे, ते मी सोडून देत आहे, असे त्यात लिहिलेले असते. हक्काला हात हलवून टाटा केला, असे लक्षात ठेवा, विसरणार नाही. ‘कंटिन्यूइंग गॅरंटी’ असेल तर जामीन एका कर्जापुरता नाही, पुढे होणाऱ्या उलाढालीलाही लागू. आणि ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे आमच्या इतर हक्कांना बाध न येता. यात पूर्वग्रहाचा काही संबंध नाही.

घरात कोणी हसेल. हसू दे. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी, १८७३ साली, रानड्यांच्या घरात आल्या. माधवरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही. घरातल्या बायकांना ते मुळीच रुचले नाही आणि त्यांनी रमाबाईंना सुखाने शिकू दिले नाही. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले, ते मिळवून वाचा. एक फरक मात्र नोंदवते. रमाबाईंच्या पाठीशी न्यायमूर्ती उभे होते. आपल्या भोसरीच्या भगिनीच्या पाठीशी त्या क्षणी कोणी नव्हते. “आता वकील होणार का तू?” असे यजमानच म्हणाले होते, तिने फोनवर सांगितले.

पुढे काय झाले ते तुम्ही विचारणारच.

शनिवारी ती कागद घेऊन एकटी बँकेत गेली. मी तिला तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या होत्या. पहिली, जामीन ठरावीक रकमेपुरता ठेवता येईल का, आणि येत असेल तर तसे कागदावर लिहून मिळेल का. दुसरी, माझा फ्लॅट ‘कोलॅटरल’ म्हणून धरला आहे, की मी नुसती जामीनदार आहे. (‘को’ म्हणजे बरोबर, ‘लॅटरल’ म्हणजे बाजूचे. कर्जाच्या बाजूला उभे केलेले तारण.) तिसरी, लहान उद्योगांसाठी २००० साली सुरू झालेली पतहमी योजना, जिच्यात तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन न घेता बँक कर्ज देऊ शकते, ती दिरांना लागू होते का. लहान उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असे रिझर्व्ह बँकेनेही २०१० मध्ये बँकांना बजावले होते, हेही लिहून दिले.

तिथल्या साहेबांनी पहिल्या गोष्टीला नकार दिला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कागद चाळून दिले : फ्लॅट धरलेला नाही, पण जामीनदाराच्या मालमत्तेवर वसुली येऊ शकते. तिसरे ऐकल्यावर म्हणाले, “तुमच्या दिरांनी विचारलेच नाही.”

रविवारी घरात बैठक झाली. ती म्हणते, मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला. मोठे दीर, ज्यांची गावची जमीन आहे, ते ऐकून गप्पच झाले. त्यांनाही चार लाखच वाटत होते. जो मित्र होता त्याला मात्र सगळे माहीत होते. धाकट्या दिरांचा चेहरा पडला. “वहिनी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही” असे म्हणून ते उठून गेले. सोमवारी सह्या झाल्या नाहीत.

आता दिरांनी नऊ लाखांचा नवा अर्ज केला आहे, जुन्या लेथवर सुरुवात करायची म्हणून. निकाल अजून आलेला नाही. दिवाळीला जावेकडून फराळाचे ताट आले नाही. हिने पाठवले, तर रिकामे ताट मुलाच्या हाती परत आले. ती मला म्हणाली, “ताई, शब्द बरोबर निघाला हो, पण घर दुखावले.” त्यावर काय बोलावे मला सुचले नाही. फ्लॅट तुझ्या नावावर आहे आणि तो तसाच आहे, एवढे म्हणाले.

परवा तिचे पुन्हा पत्र आले. वही सुरू केली आहे. त्यात एकच प्रश्न आहे : तुम्ही सांगितलेले १२८ वे कलम मुळातून वाचले, त्यात ‘को-एक्स्टेन्सिव्ह’ असा शब्द आहे, तो कसा उसवायचा? ‘को’ म्हणजे बरोबर, हे तिला आता माहीत आहे. ‘एक्स्टेन्ड’ म्हणजे पसरणे, टेबल ओढून लांब करतात तसे. कर्जदाराची जबाबदारी जिथवर पसरते, जामीनदाराचीही तिथवर. तिला उत्तर पाठवले आहे.

तुमचे अडलेले शब्द पाठवताना नुसता शब्द पाठवू नका. तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य उतरवून पाठवा, आणि सहीची तारीख असेल तर पाकिटाच्या बाहेर लिहा.